खातं आहे, पण उलाढाल किती?

केळ्यांवर डाग पडायला लागले की त्यांचं शिकरण करून टाकायचं, हा मावशीच्या घरचा नियम. त्या रविवारी मात्र टोपलीत दोन केळी पार काळी पडलेली होती आणि वर चिलटं घोंघावत होती. भाची दारात चपला काढतेय तोच आतून आवाज आला, "तुझी मंडळी आली आहेत बघ. मुद्दाम ठेवलीत."

मावशी राष्ट्रीयीकृत बँकेत 36 वर्षं होती. तिच्या यजमानांना मोटर न्यूरॉनच्या आजाराने नेलं, त्यांच्या आधी थोरल्या दिरांना. भाची पुण्यातच एका प्रयोगशाळेत फळमाश्यांवर, म्हणजे याच चिलटांच्या जातकुळीवर, काम करते. या दोघींना एका घरात मीच आणून बसवलं आहे. त्यांची नावं सांगण्यात अर्थ नाही, कारण अशा बऱ्याच घरांतून थोडंथोडं उचलून त्या तयार झाल्या आहेत. संस्था, सालं आणि आकडे तेवढे खरे.

मावशी : तुझ्या भाषणाची पत्रिका वाचली. 'आनुवंशिक आजारांशी निगडित जनुकांच्या अभिव्यक्तीचा अभ्यास.' अगं, अभिव्यक्ती कवीला असते. नाहीतर संविधानात असते. जनुकाची कसली अभिव्यक्ती?

भाची : आम्हीही लॅबमध्ये 'एक्स्प्रेशन'च म्हणतो. अभिव्यक्ती फक्त पत्रिकेवर. साधं सांगू का? तुझ्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सगळीच्या सगळी जनुकं आहेत. यकृतात आहेत तीच मेंदूत. पण कुठलं जनुक कुठे वाचलं जाणार, कधी आणि किती, ते पेशीपेशीला वेगळं. वाचलं की त्याची आरएनए नावाची नक्कल निघते, नकलेवरून प्रथिन बनतं. नकला किती निघाल्या, प्रथिन किती झालं, ते आम्ही मोजतो.

मावशी : म्हणजे खातं सगळ्या शाखांत आहे. उलाढाल कुठल्या शाखेत किती, एवढंच बघायचं.

भाची : मावशी, हे मी चोरणार.

मावशी : चोर. पण मग पुढचंही सांग. दोन वर्षं व्यवहार झाला नाही की आम्ही खातं निष्क्रिय करायचो. बंद नव्हे, निष्क्रिय. ह्यांचं जनुक पन्नास वर्षं असंच पडून होतं का? आणि एक दिवस अचानक कोणी येऊन पैसे काढायला लागलं?

भाची : इथेच तुझी उपमा लंगडी पडते. या आजाराची जी जनुकं सापडली आहेत, त्यांतली बरीचशी निष्क्रिय नसतात. जन्माच्या आधीपासून चालू असतात, आणि नुसती मज्जारज्जूत नव्हे, अंगभर. तरी पन्नाशीपर्यंत माणूस ठणठणीत असतो, आणि मग मरतात त्या फक्त स्नायूंना हुकूम देणाऱ्या चेतापेशी. दोष सगळ्या शाखांत आहे आणि दिवाळं एकाच शाखेचं वाजतं. का, ते कळत नाही म्हणून तर मोजत बसायचं.

मावशीने चहा ओतला. तिच्या सासऱ्यांचेही पाय शेवटी ओढत असत; घरात त्याला सगळे संधिवात म्हणत. हे ती कधी बोलत नाही. त्या दिवशीही बोलली नाही.

भाची : काकांच्या घरात कुठलं जनुक होतं ते आपल्याला माहीत नाही. या आजाराशी जोडलेली तीसपेक्षा जास्त जनुकं आता ठाऊक आहेत. युरोपातल्या कुटुंबांत सर्वांत जास्त दिसणारं जे आहे, ते आशियात पुष्कळ कमी आढळतं. त्यामुळे त्यांचं कोष्टक आपल्याला जसंच्या तसं लागू पडत नाही. पण पुण्यात ज्यावर वर्षानुवर्षं काम चाललंय त्या एका जनुकाची गोष्ट सांगते. व्हीएपीबी.

मावशी : पुण्यात कुठे?

भाची : पाषाणला आयसरमध्ये गिरीश रत्नपारखी यांच्या प्रयोगशाळेत. आणि तुझ्या बँकेच्या रस्त्यावर, आघारकर संस्थेत अनुराधा रत्नपारखी माश्यांच्याच चेतासंस्थेवर काम करतात.

मावशी : आगरकर रस्त्यावरची आघारकर संस्था! नव्या माणसाला पत्ता सांगता सांगता आमची हयात गेली. रस्ता गोपाळ गणेशांचा, 'सुधारक'वाल्या आगरकरांचा. संस्था शंकर पुरुषोत्तमांची, ते वनस्पतिशास्त्रज्ञ. छत्तीस वर्षं त्या भिंतीवरून गेले, पण आत चिलटं पाळतात हे कोणी सांगितलं नाही.

भाची : गोष्ट सुरू होते ब्राझीलमध्ये. 2004 साली साओ पावलोच्या मायाना झात्झ यांच्या गटाला एका मोठ्या कुटुंबात या आजाराचं कारण सापडलं. विसाव्या गुणसूत्रावरचं व्हीएपीबी हे जनुक. त्यातल्या 166व्या अक्षराच्या जागी 'सी' हवा तिथे 'टी'. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत 56व्या जागी प्रोलीनऐवजी सेरीन बसतं. बाकी सगळं जिथल्या तिथे.

मावशी : एका अक्षराने?

भाची : एका. पुढे तशीच आणखी कुटुंबं मिळाली आणि त्यांचा माग एकाच पूर्वजाकडे, बहुधा वसाहतीच्या काळात आलेल्या पोर्तुगीजाकडे, जातो असं दिसलं.

मावशी : पोर्तुगीज आपल्याकडेही होते की. वसईला, गोव्याला.

भाची : अंदाजावर कोणाच्या घराकडे बोट दाखवायचं नसतं, मावशी.

मावशी : बरं, राहिलं. मला हे सांग. चूक सापडली. अक्षर कळलं. मग उलाढाल कशाला मोजायची? चुकीची नोंद सापडली की ती दुरुस्त करतात, खातेदार दिवसातून किती वेळा येतो ते मोजत नाहीत.

भाची : कारण दोषी अक्षर असलेलं प्रथिन नुसतं बिघडत नाही, त्याच्या गुठळ्या होतात, आणि चांगलं प्रथिनही त्या गुठळ्यांत ओढलं जातं. आईकडून आलेली प्रत धड, बापाकडून आलेली सदोष; पण सदोष प्रत धड प्रतीचं कामही अडवते. 2011 साली ब्राझीलच्याच रुग्णांच्या त्वचेच्या पेशी घेऊन, त्यांना मूलपेशी बनवून, त्यांतून चेतापेशी वाढवल्या. त्यांत व्हीएपीबीचं प्रमाण निरोगी नातलगांच्या मानाने कमी निघालं. आता प्रश्न असा, की माणूस आजारी पडतो तो गुठळ्यांच्या विषाने, की चांगलं प्रथिन अपुरं पडल्याने? पहिलं असेल तर उत्पादन कमी करायला हवं. दुसरं असेल तर वाढवायला हवं. उलटं औषध दिलं तर माणूस आणखी लवकर जाईल. अक्षर नुसतं कळून हे ठरत नाही.

इथे मावशी थोडी गप्प झाली. मला वाटतं, सगळ्या बोलण्यातला हाच मुद्दा तिला खरा लागला, कारण तिने लगेच विषय बदलला.

मावशी : त्या चामडीच्या पेशी माणसाच्या होत्या ना? मग चिलटं मध्येच कुठून आली?

भाची : जिवंत माणसाच्या मज्जारज्जूचा तुकडा काढता येत नाही. रक्त घेता येतं, पण रक्तातली उलाढाल म्हणजे मेंदूतली नव्हे. मृत्यूनंतर मेंदू दान करणारे आहेत, बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये 1995 पासून मेंदूपेढी आहे. पण तिथे दिसते ती आग विझल्यावरची राख. ज्या पेशी आधी मेल्या त्यांच्या नकला कुठून मोजणार? माशीची पिढी दहा दिवसांत होते, आयुष्य दोन-अडीच महिन्यांचं. जन्मापासून मरेपर्यंत रोज बघता येते. आणि माणसाचं व्हीएपीबी माशीत घातलं तर ते माशीच्या प्रथिनाचं काम करतं, हे दाखवलं गेलंय. इतकी दोन्ही जुळती आहेत. माणसात 56वी जागा, माशीत 58वी.

मावशी : ती आजारी आहे हे ओळखायचं कसं? तिचा पेला हातातून पडतो का?

भाची : काचेच्या नळीत ठेवून नळी टेबलावर आपटायची. सगळ्या माश्या तळाशी पडतात. निरोगी माशी सरसर वर चढते, तिला वरच जायचं असतं. आजारी माशी अर्ध्यात थांबते, घसरते. किती सेकंदांत कितीजणी रेघ ओलांडतात, ते मोजायचं.

मावशी : ह्यांना जिना चढायला सतराव्या पायरीला थांबावं लागायचं. मग बाराव्या. मग नवव्या.

भाची काही बोलली नाही.

मावशी : पुढे बोल. नळीचं झालं.

भाची : 2014 साली आयसरच्या गटाने माशीची 2635 जनुकं एकेक करून तपासली. प्रश्न एवढाच : हे जनुक दाबलं तर व्हीएपीबीच्या कामात फरक पडतो का? 103 निघाली. 45 परिणाम वाढवणारी, 58 कमी करणारी. त्यांत या आजाराशी आधीच जोडलेली काही जनुकं आपसूक आली. एसओडी-1 त्यांतलंच. म्हणजे वेगवेगळ्या कुटुंबांचे वेगवेगळे दोष आतून एकमेकांना ओळखतात. आणखी एक सापडलं, टॉर नावाचं. पेशीला खाणंपिणं किती, वाढ किती, ते ठरवणारं. ते दाबलं तर सदोष जनुक घातलेल्या अळ्यांत चेतातंतूच्या टोकाला फुगलेल्या गाठी पूर्ववत झाल्या. रॅपामायसिन, मूत्रपिंड बदलल्यावर देतात ते औषध, अळ्यांना खाण्यातून दिलं तरी तसंच झालं.

मावशी : आणि ह्यांना दिलं असतं तर?

भाची : नाही मावशी. अळीच्या स्नायूवरची गाठ लहान झाली, एवढंच त्यातून कळलं. त्याच्या पुढे एक शब्द मी बोलणार नाही.

मावशी : हे बरं केलंस. आता माझा आक्षेप. तुम्ही माशीत ते दोषी जनुक घालता म्हणालीस. घालता कसं?

भाची : यीस्टमधून घेतलेला एक स्विच असतो, गॅल-4. 1993 मध्ये ही पद्धत आली. स्विच चेतापेशींत बसवला की जनुक फक्त चेतापेशींत चालू होतं, स्नायूत बसवला की स्नायूत. गंमत म्हणजे तापमान वाढवलं की स्विच जोरात चालतो. बाटली 18 अंशांच्या कपाटातून उचलून 28 अंशांच्या कपाटात ठेवली की तीच माशी तेच प्रथिन जास्त बनवते.

मावशी : मग झालं की! एकच ठेव दहा वेळा जमा दाखवायची, आणि नंतर म्हणायचं, बघा, शिल्लक फुगली. फुगवली तुम्हीच. काकांच्या अंगात कोणी कपाट बदललं नव्हतं. त्यांच्यात एक प्रत धड होती, एक सदोष, आणि दोन्ही आपापल्या मापाने चालल्या होत्या. तुमच्या माशीचा आजार तुमचा आहे, त्यांचा नाही.

हा आक्षेप बँकेच्या काउंटरवरून आला असला तरी या क्षेत्रातले समीक्षक शोधनिबंधावर शेरा लिहितात तो नेमका हाच. भाचीने कप खाली ठेवला.

भाची : हे आमच्या मीटिंगमध्ये कोणी म्हटलं असतं तर मी रात्रभर झोपले नसते. बरोबर आहे तुझं. म्हणूनच 2014 मध्ये दुसऱ्या प्रकारची माशी तयार केली गेली. तिचं स्वतःचं, व्हीएपीबीच्या जोडीचं जनुक काढून टाकलेलं, आणि सदोष जनुक त्याच्या स्वतःच्याच नियंत्रणाखाली बसवलेलं. स्विच नाही, फुगवणं नाही. ते आपल्या नैसर्गिक मापाने चालतं. तीही माशी लवकर मरते, तिचंही चढणं वयाबरोबर ढासळतं. पुण्याच्या गटाने पुढचं काम याच माशीवर केलं.

मावशी : पण तिच्यात धड प्रत नाही.

भाची : नाही.

मावशी : म्हणजे काका अजून नाहीतच तिच्यात.

भाची : पूर्ण नाहीत.

मावशी : मोजता कसं ते तरी नीट सांग. तिथेही असंच काही असेल.

भाची : आरएनए काढायचा. फार नाजूक असतो, आपल्या बोटांवरच्या घामात त्याला तोडणारी विकरं असतात. त्याची डीएनए प्रत करून यंत्रात घालायची. प्रत्येक फेरीला ती दुप्पट होते. ठरलेल्या पातळीला कितव्या फेरीत पोचली ते बघायचं. तीन फेऱ्या आधी पोचली तर मूळ माल आठपट होता.

मावशी : चक्रवाढ. आणि आठपट कशाच्या मानाने?

भाची : ज्यांची उलाढाल सहसा बदलत नाही अशा जनुकांच्या मानाने. त्यांना हाउसकीपिंग जनुकं म्हणतात.

मावशी : घरकामवाल्या! त्या बदलत नाहीत हे कोणी ठरवलं? घरात आजारी माणूस असला की पहिला बदल घरकामात होतो.

भाची : ते तपासावंच लागतं. एकीवर विसंबायचं नाही, दोन-तीन घ्यायच्या.

मावशी : चांगलं. आता माझं ऐक. मी विज्ञानाच्या विरोधात नाही. पण ह्यांच्या शेवटच्या दीड वर्षात मला काय लागलं? रात्रीची आया, जी दर दोन महिन्यांनी सोडून जायची. कफ ओढायचं मशीन. श्वासाला मदत करणारा बायपॅप, आणि लाइट गेले की त्याला लागणारा इन्व्हर्टर. पोटातली नळी बदलायला घरी येणारी नर्स. यांतलं एकही तुमच्या 2635 मध्ये नव्हतं. पार्किन्सनवाल्यांचं पुण्यात मित्रमंडळ आहे, ते भेटतात, बोलतात, एकमेकांना आया सुचवतात. आम्ही कोणाला विचारायचं? पैसा थोडा आहे हे मलाही कळतं. मग तो आधी पलंगाजवळ खर्च करा. बाटल्या नंतर.

भाची : पलंगाजवळचा पैसा बाटल्यांतून कापून येणार नाही, मावशी. दोन्ही वेगळ्या खिशांतले आहेत, आणि दोन्ही खिसे फाटके. पण तुला एक निकाल सांगते. हा तुझ्या बाजूने आहे की माझ्या, ते तू ठरव. चेतापेशींच्या शेजारी ग्लिया नावाच्या पेशी असतात. हुकूम देणं हे त्यांचं काम नव्हे. त्या खाऊ घालतात, कचरा उचलतात, कुंपण सांभाळतात.

मावशी : आया.

भाची : आया. 2022 मध्ये पुण्याच्या गटाला असं दिसलं की त्या आजारी माशीच्या ग्लियांत कॅस्पर नावाच्या एका जनुकाची उलाढाल वाढवली, की माशी जास्त जगते आणि तिचं चालणं हळू ढासळतं. चेतापेशींतलं सदोष जनुक तिथेच आहे, त्याला हातही लावलेला नाही. वयाबरोबर ग्लियांत जी दाहाची धग वाढत जाते ती कॅस्परने आटोक्यात राहते, असं त्यांचं म्हणणं.

मावशी बराच वेळ केळ्यांकडे बघत होती.

मावशी : सेवा करणाऱ्याचं डोकं थंड राहिलं तर रोगी जास्त जगतो. हे कळायला तुम्हाला 2022 उजाडलं? मला विचारायचं.

भाची : तू मोजलं नव्हतंस.

मावशी : मोजलं होतं. ते नंतर. आधी सांग, ही उलाढाल कमीजास्त करून माणसात आजवर काय झालं? खरं सांग, पत्रिकेतलं नको.

भाची : खरं सांगते. हंटिंग्टनच्या आजारात दोषी जनुकाची उलाढाल दाबणारं टोमिनर्सेन नावाचं औषध होतं. मोठी चाचणी सुरू होती, 2021 च्या मार्चमध्ये ती थांबवावी लागली. धड प्रतही त्याने दाबली जात होती. दुसरीकडे टोफर्सेन. एसओडी-1 चा दोष असलेल्यांसाठी, पाठीच्या कण्यातून द्यायचं. 28 आठवड्यांच्या चाचणीत चालण्याबोलण्यात ठरवलेला फरक सिद्ध झाला नाही. पण चेतापेशी तुटल्या की रक्तात जे प्रथिन सांडतं, ते पुष्कळ कमी झालं. त्यावर 2023 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत सशर्त परवानगी मिळाली. लहान मुलांच्या एसएमए नावाच्या स्नायुक्षयात उलट, तिथे अपुरं प्रथिन वाढवायचं होतं, आणि तिथे मुलं खरोखर बसायला लागली.

मावशी : वाढवायचं होतं तिथे जमलं.

भाची : कारण तिथे कमी पडतंय हे नक्की ठाऊक होतं. म्हणूनच मी मघाशी म्हटलं, आधी मोजायचं.

मावशी : तुझा दादा विचारत होता. तपासणी करून घेऊ का म्हणून. मी म्हटलं, तुझं तू ठरव, पण मला सांगू नकोस. तो म्हणाला, आई, तू नाही ऐकलंस तर मी कोणाला सांगू?

भाची : मग?

मावशी : मग काय. शिकरण केलं.

भाची : तपासणीआधी समुपदेशन घ्यायला सांग त्याला. रक्त देणं सोपं असतं, लखोटा उघडणं नसतं. पन्नास टक्के शक्यता म्हणजे अर्धा आजार नव्हे. आहे किंवा नाही. आणि कुठलं जनुक शोधायचं तेच माहीत नसलं, तर 'काही सापडलं नाही' हा निकाल सुटकेचा असतोच असं नाही.

मावशी : ह्यांचंही रक्त घेतलं होतं एकदा. संशोधनासाठी. कुठे ते जाऊ दे. तीन पानी फॉर्मवर मी सही केली, कारण ह्यांचा हात चालत नव्हता. पुढे एक ओळसुद्धा आली नाही. सापडलं नाही, हेही कोणी कळवलं नाही. बँकेत कोणी पाच रुपये भरले तरी आम्ही पावती फाडायचो गं.

भाची : यावर मला बचाव नाही.

मावशी : नकोच करूस. तुझ्या माशीला सही करावी लागत नाही, म्हणून तुम्हाला ती बरी वाटते, असं मला कधीकधी वाटतं.

भाचीला हे लागलं असावं. ती उठली, टोपलीतली केळी तिने पिशवीत घातली, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली, परत येऊन बसली.

भाची : एक मात्र खरं. बिघाड कधी सुरू झाला ते माशी सांगत नाही. आम्हाला दिसतं तेव्हा ती नळीत घसरायला लागलेली असते. त्याच्या आधी काय बिघडलं, कुठल्या क्रमाने बिघडलं, ते तिच्या अंगावर लिहिलेलं नसतं.

मावशी आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. ती परतली तेव्हा तिच्या हातात बँकेतलं जुनं लांबट रजिस्टर होतं, लाल कापडी पाठीचं. डावीकडे तारीख, मग नोंद, उजवीकडे शेरा. पहिली नोंद सदऱ्याच्या वरच्या बटणाची होती. तिच्यानंतर 11 दिवसांनी, सहीतला शेवटचा फाटा वळत नाही. मग जिन्याच्या पायऱ्या, आकड्यांत, रोजच्या रोज, दोन वर्षं. मध्येच कुठेतरी शेऱ्याच्या रकान्यात 'आज रडले' असं होतं. कोण रडलं ते लिहिलेलं नव्हतं.

भाचीने पान उलटलं, मग आणखी एक. तिचा हात पर्समधल्या फोनकडे गेला.

मावशी : फोटो नाही काढायचे. इथे बसून वाच, हवं तितका वेळ. वही घराबाहेर जाणार नाही. आणि उठण्याआधी त्या शेवटच्या पानावर लिही, कोणी वाचली, कधी वाचली, कशासाठी वाचली. तारीख घाल.